सव्विसाव्या वर्षानंतर

परवा ताईकडे गेलो होतो. तिचं घर बदलायचं चाललंय, त्यामुळे सगळीकडे खोकी, सुतळी आणि जुनी वर्तमानपत्रं. भाच्याच्या खोलीतल्या कपाटावरून जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक बोचकं निघालं. उघडून बघतो तर त्याच्या बॅडमिंटनच्या ट्रॉफ्या. अकरा-बारा तरी असतील. ताई म्हणाली, "यांचं काय करायचं रे?"

भाचेबुवा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "दे टाकून. माझं जे काय व्हायचं होतं ते चौदाव्या वर्षीच होऊन गेलं."

बोलला हसतच. ताईही हसली. मी मात्र परत येताना बसमध्ये त्याच एका वाक्याशी अडून बसलो होतो. आणि एकदम मला सेबॅस्टियन व्हेटेल आठवला.

(आत्या, तू हा ब्लॉग वाचतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो. व्हेटेल म्हणजे फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर. त्या कानठळ्या बसवत जाणाऱ्या, जमिनीला चिकटलेल्या गाड्या असतात ना, त्या शर्यती. पुढे वाच, कळेल.)

व्हेटेल आठवायला कारण आहे. २७ ऑक्टोबर २०१३. दिवाळीच्या आधीचा रविवार. ताईकडे चकल्या तळणं चालू होतं आणि मी आणि भाचा टीव्हीसमोर. तो तेव्हा आठ वर्षांचा. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली तिसरी ग्रां प्री चालली होती. व्हेटेल सगळ्यात पुढून निघाला, दुसऱ्याच फेरीनंतर टायर बदलायला आत गेला आणि पार मागे पडला. तिथून एकेकाला गाठत त्याने शर्यत जिंकली आणि त्याबरोबर जगज्जेतेपदही. लागोपाठ चौथं. वय २६.

शर्यत संपल्यावर गाडी ठरलेल्या जागी नेऊन लावायची असते. हा पठ्ठ्या प्रेक्षकांसमोरच्या सरळ रस्त्यावर थांबला आणि गाडी जागच्या जागी गरागरा फिरवायला लागला. सगळीकडे टायरचा पांढरा धूर. भाचा घाबरून म्हणाला, "मामा, त्याची गाडी बिघडली का?" मग व्हेटेल गाडीतून उतरला, गाडीसमोर गुडघ्यावर बसला आणि वाकून तिला चक्क नमस्कार केला. नंतर धावत जाऊन हातमोजे प्रेक्षकांत भिरकावले. या सगळ्याबद्दल नंतर त्याला समज मिळाली आणि त्याच्या टीमला २५ हजार युरोंचा दंड झाला, ते वेगळं.

"तो गाडीच्या पाया का पडतोय?" भाच्याचा पुढचा प्रश्न. चकलीचा सोऱ्या हातात घेऊन आई आतून म्हणाली, "दसऱ्याला आपण नाही का पडत? तसंच."

आईला फॉर्म्युला वनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या दिवशी जगभरच्या सगळ्या समालोचकांपेक्षा तिला जास्त कळलं असं मला आजही वाटतं. :)

हा मुलगा तिथवर आला कसा, हे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. ३ जुलै १९८७ चा जन्म, जर्मनीतल्या हेपनहाइम नावाच्या लहानशा गावातला. वडील सुतारकाम करणारे, चार भावंडं. श्रीमंत बापाची पोरं ज्या खेळात घुसतात त्या खेळात हे घर तसं साधंच. वडिलांनी चार वर्षांचाही नसलेल्या पोराला गो-कार्टमध्ये बसवलं. पुढे तो केर्पेनच्या ट्रॅकवर जायला लागला. हा मायकेल शूमाकरचा ट्रॅक. तिथे गेरहार्ड नोआक या माणसाने त्याला हाताशी धरलं. याच नोआकने लहानपणी शूमाकरलाही मदत केली होती. छोट्या सेबॅस्टियनला बक्षीस देताना शूमाकर, असा एक जुना फोटो आहे. पोराच्या डोक्यावर टोपी आणि चेहऱ्यावर देव भेटल्याचा भाव. त्याच्या खोलीत तीन मायकेलांचे फोटो होते म्हणे. शूमाकर, जॅक्सन आणि जॉर्डन. आवाज चांगला नाही म्हणून जॅक्सन होता आलं नाही, असं तो गमतीने सांगायचा.

साधारण अकरा-बाराव्या वर्षी रेड बुलने त्याला आपल्या तरुण ड्रायव्हरांच्या योजनेत घेतलं. २००४ साली जर्मनीतल्या फॉर्म्युला बीएमडब्ल्यू स्पर्धेत त्याने २० पैकी १८ शर्यती जिंकल्या. हा आकडा दोनदा वाचा. वीसपैकी अठरा! उरलेल्या दोन शर्यतींत काय झालं असेल, असा प्रश्न पडावा असा हा निकाल.

२००७ मध्ये रॉबर्ट कुबित्साला माँट्रियलला भीषण अपघात झाला आणि पुढच्याच आठवड्यात त्याच्या जागी इंडियानापोलिसला या पोराला बसवलं. वय १९. आठवा आला, एक गुण मिळाला. तेव्हा आठव्या नंबरला एक गुण असायचा. हा एक गुण लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

त्याच वर्षी जपानमध्ये फुजीला धो धो पावसात तो चक्क तिसरा चालला होता. टोरो रोसोसारख्या गरीब टीमच्या गाडीत. सेफ्टी कारच्या मागे सगळे हळू चाललेले असताना याने पुढच्या मार्क वेबरला मागून ठोकलं. दोघेही बाद. गॅरेजमध्ये परतून तो ढसाढसा रडला. पुढच्याच आठवड्यात चीनमध्ये चौथा आला.

आणि मग १४ सप्टेंबर २००८, मोंझा. परत पाऊस. टोरो रोसो म्हणजे मूळची इटलीची मिनार्डी टीम. १९८५ ते २००५ या एकवीस हंगामांत मिनार्डीला एकदाही पहिल्या तिघांत येता आलं नव्हतं. नवीन मालक आल्यावर गाडी सुधारली होती हे खरं. आराखडा रेड बुलचा आणि इंजिन फेरारीचं. तरीही मोठ्या भावाने, म्हणजे खुद्द रेड बुलने, तोवर एकही शर्यत जिंकली नव्हती. व्हेटेलने सगळ्यात पुढून सुरुवात केली आणि सगळ्यात पुढे राहूनच संपवली. २१ वर्षं ७३ दिवस, तोपर्यंतचा सगळ्यात तरुण विजेता. पोडियमवर आधी जर्मनीचं राष्ट्रगीत वाजलं, मग इटलीचं. शूमाकर फेरारीत असताना लोकांनी वर्षानुवर्षं ऐकलेली तीच जोडी.

इथे थोडा इतिहास. सगळ्यात तरुण जगज्जेत्याचा मान १९७२ पासून ब्राझीलच्या एमर्सन फिटिपाल्डीकडे होता. वय २५. तो विक्रम तेहतीस वर्षं टिकला. २००५ मध्ये फर्नांडो अलोन्सोने २४ व्या वर्षी तो मोडला. २००८ मध्ये लुईस हॅमिल्टनने २३ व्या वर्षी, आणि २०१० मध्ये व्हेटेलने. तेहतीस वर्षं न हललेली रेघ पाच वर्षांत तीनदा मागे सरकली. याचं कारण एकट्या प्रतिभेत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कार्टिंग, बाराव्या वर्षी मोठ्या कंपनीचा हात पाठीवर, विशीच्या आत फॉर्म्युला वनच्या गाडीत चाचण्या. मुलं लवकर पिकवायची एक पद्धतच तयार झाली. पुढे मॅक्स व्हर्स्टापेन २०१५ मध्ये सतराव्या वर्षी शर्यतीत उतरला तेव्हा नियम करणाऱ्यांचेच डोळे पांढरे झाले आणि त्यांनी २०१६ पासून अठरा वर्षांची अट घातली.

आपल्याकडेही हे दिसतंच की. गाण्याचे कार्यक्रम बघा, बुद्धिबळ बघा, क्लासेसच्या जाहिराती बघा.

तर २०१० चा हंगाम. व्हेटेल वर्षभरात एकदाही गुणांच्या यादीत पहिला नव्हता. अबूधाबीच्या शेवटच्या शर्यतीआधी अलोन्सो २४६, वेबर २३८, व्हेटेल २३१. फेरारीने सगळं लक्ष वेबरवर ठेवलं. वेबर लवकर टायर बदलायला गेला, त्याच्यावर नजर ठेवून अलोन्सोही गेला, आणि बाहेर आल्यावर विताली पेट्रोव्हच्या गाडीमागे जो अडकला तो शेवटपर्यंत. पुढे व्हेटेल एकटाच निघून गेलेला. शर्यत जिंकल्यावरही आपण जगज्जेते झालो का हे त्याला माहीत नव्हतं. मागचे कोण कितवे येतात ते बघून इंजिनिअरने रेडिओवर सांगितलं आणि मग नुसतं हुंदके देणं ऐकू आलं. २३ वर्षं १३४ दिवस.

२०११ मध्ये ११ विजय. भारतातली पहिलीवहिली ग्रां प्रीही त्याचीच, ३० ऑक्टोबरला. आपला नारायण कार्तिकेयन त्या शर्यतीत होता. २०१२ मध्ये ब्राझीलला पहिल्याच फेरीत गाडी उलट तोंडाने फिरली, पार शेवटचा झाला, तुटक्या गाडीनिशी सहावा आला आणि तीन गुणांनी तिसरं जेतेपद. २०१३ मध्ये १३ विजय, त्यातले शेवटचे नऊ लागोपाठ. त्याच्याआधी लागोपाठ चार जेतेपदं फक्त फँजिओ आणि शूमाकरला जमली होती. आणि भारतात तीन शर्यती झाल्या, तिन्ही याच्याच. चौथी काही झाली नाही. २०१४ ची शर्यत रद्द झाली आणि फॉर्म्युला वन इथे परत आलंच नाही.

आता खरी गोष्ट सांगतो. तेव्हा तो मला फारसा आवडायचा नाही.

एकटा मीच नव्हतो. २०१३ मध्ये पोडियमवर त्याची हुर्यो उडवली जायची. मलेशियात टीमने सांगितलं होतं की पुढे असलेल्या वेबरला गाठू नकोस. याने ऐकलं नाही, ओलांडून गेला आणि जिंकला. शिवाय जिंकला की एक बोट वर करून दाखवायची सवय. लोक म्हणायचे, गाडी एड्रियन न्यूईची, त्या गाडीत कुणीही बसला तरी जिंकेल. मीही ऑफिसात चहाच्या वेळी हेच म्हणायचो.

२०१४ मध्ये नियम बदलले. जुनं आठ सिलिंडरचं इंजिन गेलं, सहा सिलिंडरचं टर्बो आणि हायब्रिड आलं. त्याच्या मागच्या गाड्या ज्या युक्तीवर वळणांत चिकटून राहायच्या ती युक्तीही गेली. त्या वर्षी व्हेटेलचे विजय शून्य. शेजारी नव्याने आलेल्या डॅनियल रिकार्डोने तीन शर्यती जिंकल्या. मी म्हणालो, बघा, सांगत नव्हतो? आणि टीव्ही बंद केला. अक्षरशः. भारतातली शर्यत गेली, व्हेटेल हरायला लागला, आणि मी बघायचं सोडलं.

त्यानंतरचं सगळं मला उशिरा कळलं. वाचून, जुन्या शर्यतींचे व्हिडिओ बघून. आणि खरं सांगतो, गोष्ट तिथूनच सुरू होते.

२०१५ मध्ये तो फेरारीत गेला. शूमाकरच्या जागी, लहानपणीच्या स्वप्नात. तो शूमाकर तेव्हा घरी अंथरुणाला खिळलेला होता. भारतातल्या त्या शर्यतीनंतर दोनच महिन्यांनी, २९ डिसेंबर २०१३ ला, स्कीइंग करताना त्याच्या डोक्याला जबर मार बसला होता. फेरारीला परत जगज्जेतेपद मिळवून द्यायचं, एवढंच व्हेटेलच्या डोक्यात.

२०१८ मध्ये ते होईलसं वाटलं होतं. २२ जुलैला होकेनहाइमला शर्यत. त्याच्या गावापासून हा ट्रॅक हाकेच्या अंतरावर म्हणावा असा. गुणांत तो पहिला, शर्यतीतही पहिला, घरचे प्रेक्षक. पाऊस भुरभुरायला लागला. एकविसाव्या वर्षी ज्याने मोंझाचा पाऊस अंगाखांद्यावर खेळवला, तो एकतिसाव्या वर्षी एका साध्या वळणावर ब्रेक जरासा उशिरा दाबून घसरला आणि वाळूतून जाऊन भिंतीला टेकला. स्टिअरिंगवर मुठी आपटल्या. चौदाव्या जागेवरून निघालेला हॅमिल्टन जिंकला आणि वर्षअखेर जेतेपदही त्याचंच. तो व्हिडिओ मी तीनदा बघितला. तिन्ही वेळा वाटलं की या वेळी वाचेल.

पुढे घसरणच. २०१९ मध्ये सिंगापूरला शेवटचा विजय, एकूण ५३ वा. त्यातले ३९ सव्विसाव्या वर्षापर्यंतचे. २०२० चा हंगाम सुरू होण्याआधीच फेरारीशी पुढचा करार होणार नाही हे जाहीर झालं आणि तो अख्खा हंगाम त्याने तसाच काढला. मग ॲस्टन मार्टिन, मधल्या फळीतली टीम. दहाव्या-बाराव्या नंबरासाठी झुंजणारा चार वेळचा जगज्जेता.

अपेक्षा अशी की हा माणूस आता कडवट होईल. झालं उलटंच. २०२१ मध्ये सिल्व्हरस्टोनची शर्यत संपल्यावर तो मागे थांबला आणि प्रेक्षकांच्या जागेतला कचरा उचलत फिरला. हंगेरीत समलिंगी लोकांविरुद्ध कायदा झाला तेव्हा इंद्रधनुष्याचा टी-शर्ट घालून राष्ट्रगीताला उभा राहिला आणि त्याबद्दल समज घेतली. पर्यावरणावर बोलायला लागला. तेल जाळायच्या खेळात राहून हे बोलणं दुटप्पीपणाचं नाही का, असं एका ब्रिटिश टीव्ही कार्यक्रमात विचारल्यावर सबबी सांगितल्या नाहीत. आहे, असं मान्य केलं. ज्याने एके काळी टीमचं ऐकलं नाही, तो आता बाकीच्या ड्रायव्हरांच्या वतीने बोलणारा वडीलधारा झाला होता. शूमाकरचा मुलगा मिक २०२१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये आला तेव्हा हाताला धरून नेणारा व्हेटेलच होता. केर्पेनला शूमाकरकडून बक्षीस घेणाऱ्या पोराने ते असं परत केलं.

हुर्यो उडवणारे तेच लोक आता त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि तो जिंकत तर नव्हताच.

जुलै २०२२ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. मुलांबरोबर वेळ घालवायचा आहे हे एक कारण. वय ३५. शेवटची शर्यत अबूधाबीला, जिथे बारा वर्षांपूर्वी हुंदके देत पहिलं जेतेपद मिळालं होतं. दहावा आला. आता दहाव्या नंबरला एक गुण असतो. पहिल्या शर्यतीत एक गुण, शेवटच्या शर्यतीत एक गुण. शर्यत संपल्यावर त्याने गाडी पुन्हा गरागरा फिरवली, ग्रेटर नोएडाला फिरवली होती तशीच. पुढच्या वर्षी तो जपानला सुझुकाला आला तो मधमाश्यांसाठी लाकडी घरं बांधायला. ट्रॅकच्या दुसऱ्या वळणापाशी. सगळे ड्रायव्हर मदतीला आले होते. सुताराचाच मुलगा शेवटी!

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मला टोचत होती, ती आता लिहूनच टाकतो.

भाचा चौदाव्या वर्षी जिंकत होता तेव्हा मी प्रत्येक मॅचला हजर असायचो. २०१९ चं ते वर्ष. त्याचा पेपरात आलेला इवलासा फोटो मी सगळ्या ऑफिसला दाखवला, पेढे वाटले. मग लॉकडाऊन आलं, वर्षभर कोर्ट बंद. परत सुरू झालं तेव्हा बरोबरीची मुलं उंच झाली होती, हा पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरायला लागला. तरी तो सतराव्या वर्षापर्यंत खेळत होता. म्हणजे दोन वर्षं तो हरत हरत खेळला. त्या दोन वर्षांतली एकही मॅच मी बघितलेली नाही. दर वेळी काहीतरी काम निघायचं.

व्हेटेलच्या बाबतीत केलं तेच. त्याला मी कधी भेटणार नव्हतो, त्यामुळे तिथे कुणाचं बिघडलं नाही. पण चौदाव्या वर्षी सगळं होऊन गेलं, हे या पोराला कुणी शिकवलं? आपण कुठल्या दिवशी टाळ्या वाजवायला येतो आणि कुठल्या दिवशी येत नाही, ते मुलं बघत असतात.

त्या दोन वर्षांत तो कसा खेळायचा, पहिला गेम हरल्यावर काय करायचा, हे मला माहीत नाही. विचारायला हवं.

ट्रॉफ्यांचं बोचकं मी माझ्याकडे आणलंय. त्यात त्याची रॅकेटही निघाली. गटिंग पार सैल झालंय, ग्रिपचा भुगा. कोपऱ्यावरच्या दुकानात टाकून आलोय, शनिवारी मिळेल. रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या कोर्टवर येतोस का, असा मेसेज केलाय त्याला. मला खेळता येत नाही हे त्याला माहीत आहे. दोन निळ्या खुणा दिसतायत, उत्तर अजून नाही.

ताई, हे वाचून लगेच त्याला फोन करू नकोस. प्लीज.